काटेवाल्या आप्पांचा ब्रेक

आप्पांच्या शर्टाच्या खिशात कायम दोनशे ग्रॅमचं पितळी वजन असायचं. बाकीचे लोक पेन ठेवतात, त्या जागी. भाजी घ्यायची झाली की आधी ते वजन विक्रेत्याच्या काट्यावर ठेवायचं, आकडा बघायचा आणि मगच वांगी निवडायला घ्यायची. शिरूरच्या बाजारात आप्पा लांबून दिसले की दोन-चार विक्रेते आपापला काटा पुसायला लागायचे. आप्पांना कुणाचा अपमान करायचा नसे. इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा होता आणि चुकीचा आकडा दाखवणारा काटा बघितला की त्यांचं जेवणावरून मन उडायचं.

दोन हजार सालाच्या पुढची ती वर्षं. मी शिरूरला कॉम्प्युटर क्लास चालवत होते आणि आप्पांचं दुकान माझ्या शेजारी, मधे एकच भिंत. डेअरीचे, वाण्यांचे, भंगारवाल्यांचे काटे त्यांच्याकडे पोट उघडून पडलेले असत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, आप्पांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आधी शून्यावर आणू." एकदा एका डॉक्टरांनी तपासणीच्या खोलीतला काटा दुरुस्तीला पाठवला. तो तीन किलो जास्त दाखवत होता. आप्पांनी तो नीट केला, स्वतः पोचवला आणि भरल्या दवाखान्यात सांगून आले, "डॉक्टर, अर्धं गाव उगंच भात सोडून बसलंय."

बोलताना समोरच्याला काय वाटेल हा विचार त्यांना साधारण दुसऱ्या दिवशी सुचायचा. दौंडला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, म्हणजे आक्कांकडे, त्यांनी असंच एक वाक्य टाकलं आणि पुढचं सगळं घडलं.

आक्कांचे यजमान, आप्पांचे दाजी, सव्वीस वर्षं बस चालवत होते. सव्वीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही. मग साखरेच्या आजाराने उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. पुण्याहून कृत्रिम पाय बसवून आणला, पण पहिल्याच आठवड्यात न्हाणीत पडले आणि त्यानंतर त्या पायावर भार द्यायलाच तयार होईनात. दिवसभर पलंगावर, तोंड भिंतीकडे. आक्कांनी काही विचारलं तर मानेनं उत्तर. आप्पा भेटायला गेले, तासभर बसले आणि उठताना म्हणाले, "दाजी, पाय गेलाय. डोकं न्हाई."

दाजींनी मान वळवून एवढंच विचारलं, "डोक्यानं ब्रेक लागतो का?"

दुसऱ्या दिवशी आप्पा माझ्या क्लासमध्ये आले. "मॅडम, शर्यतीचा तो गेम असतो ना कॉम्प्युटरवर, त्याला खरं स्टिअरिंग लागतं का?"

लागतं म्हटल्यावर त्यांनी पुण्याहून एक वापरलेला संच आणला. स्टिअरिंग ठीक होतं. पेडलं प्लास्टिकची, बोटानं दाबली तरी खाली जाणारी. आप्पांनी ती हातात घेऊन उलटीसुलटी केली. "ह्ये ब्रेक न्हाई. साबणाची डबी हाय." मग ते शिक्रापूरच्या भंगारातून ट्रकची दोन पेडलं घेऊन आले आणि काट्यांची दुरुस्ती पंधरा दिवस मागे पडली.

पहिला प्रयत्न फसला. ब्रेकच्या दांडीला त्यांनी जुन्या रेडिओच्या आवाजाचं बटण जोडलं होतं. पेडल जितकं खाली जाईल तितकं बटण फिरणार आणि तितका ब्रेक लागणार. माझ्या पायाला ते छान चाललं. दौंडला नेऊन बसवलं, दाजींनी पाय ठेवला आणि पडद्यावरची गाडी एकतर थांबेना, नाहीतर जागच्या जागी खिळून राही. कृत्रिम पाय किती खाली गेलाय हे त्यांना कळतच नव्हतं. आठ दिवसांत बटणात धूळ गेली आणि गाडी आपोआप ब्रेक मारू लागली. दाजी परत भिंतीकडे वळले.

आप्पा दुकानात एका काट्याचं ताट काढून बसले होते. ताटाखाली अ‍ॅल्युमिनियमचा एक ठोकळा असतो, त्याला लोड सेल म्हणतात. भार आला की तो केसाएवढा वाकतो आणि ते वाकणं वायरीतून आकडा होऊन येतं. आप्पा त्यावर अंगठा दाबत बसले. दाबायचे, आकडा बघायचे, सोडायचे. मग भिंतीवर थाप मारून मला बोलावलं.

"मॅडम, पाय किती खाली गेला ते दाजींना कळत न्हाई. पर किती जोरात दाबला ते मांडीला कळंल. ब्रेकला अंतर कशाला पायजे? ब्रेकला वजन पायजे."

नवीन पेडल जवळजवळ हलतच नव्हतं. भिंतीला पाय लावल्यासारखं. त्याच्या मागे लोड सेल आणि लोड सेलची वायर एका जुन्या जॉयस्टिकच्या पोटातून कॉम्प्युटरला. ॲक्सिलरेटरला स्पीकरचा लोहचुंबक आणि तो जवळ आला की ओळखणारा तिळाएवढा सेन्सर, म्हणजे घासायला काही नको आणि धूळ जायला जागा नको. लोखंडी चौकटीसकट सगळं चौदा किलो भरलं. आप्पांनी ते अर्थातच मोजलं. माझ्या क्लासमधला एक जुना कॉम्प्युटर पहिल्या प्रयत्नाच्या वेळीच दौंडला पोचला होता. हे धूड घेऊन आम्ही दोघं बसमध्ये चढलो, तेव्हा कंडक्टरनं विचारलं, "काय हाय ह्ये?"

"ब्रेक," आप्पा म्हणाले.

"गाडीला हायेत की."

"असू द्या. जादा."

दाजींना पलंगावरून खुर्चीत बसवायला अर्धा तास लागला. बसल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आरसा कुठंय?" शर्यत सुरू झाली, बाकीच्या गाड्या सुसाट निघून गेल्या. दाजींनी सावकाश गाडी सोडली. "एवढी घाई कसली हाय यांना?" मागून येणाऱ्यांना त्यांनी बाजू दिली. वळणावर हॉर्नचं बटण शोधलं. पाच वेळा भिंतीला धडकले आणि सव्वीस वर्षांचा हिशेब मोडल्यामुळे भयंकर चिडले. आक्का दारात उभ्या होत्या. त्या मला हळूच म्हणाल्या, "चार महिन्यांनी वरडले हे." आणि स्वयंपाकघरात जाऊन पदरानं डोळे पुसत बसल्या.

आप्पांनी काट्याचा तांबड्या आकड्यांचा डबाही जोडून ठेवला होता. ब्रेक दाबला की त्यावर किलो दिसायचे. दाजी आकडा बघून पायाला शिकवायला लागले. गल्लीतलं वळण सहा किलोचं, सरळ रस्त्यावरचं थांबणं अकराचं, समोर अचानक गाडी आली तर वीस. महिनाभर रोज सकाळ-संध्याकाळ सराव. शर्यतीत त्यांचा नंबर कायम शेवटचा, पण धडकणं बंद झालं. नंबर विचारला की आप्पा सांगायचे, "शेवटून पयला. आन् एकटाच धड."

मग एका रविवारी आप्पांनी आकड्यांच्या डब्यावर टॉवेल टाकला.

"दाबा."

दाजींनी डोळे मिटून पाय दाबला. कपाळाला घाम आला होता. "अकरा," ते म्हणाले.

आप्पांनी टॉवेल उचलला. अकरा पूर्णांक दोन.

"दोनशे ग्रॅम चुकले," आप्पा म्हणाले.

दाजी इतके हसले की खुर्ची मागे सरकली. त्या दिवशी त्यांनी सत्तावीस वेळा दाबून बघितलं. शेवटी शेवटी आप्पा टॉवेल उचलायचेसुद्धा थांबले. त्या पायाला आता आपलं आपलं कळत होतं.

पुढच्या आठवड्यात माझ्या क्लासच्या फोनवर आक्का. "मॅडम, जयभीम. आप्पाला सांगा, हे कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आले. चालत. एकटे." मी भिंतीपलीकडे जाऊन निरोप दिला. आप्पांच्या पुढ्यात डेअरीचा काटा होता. त्यांनी चष्मा काढला, कळकट फडक्यानं पुसला, त्यामुळे तो आणखी मळला आणि तसाच डोळ्यांवर चढवला. "काय आणलं म्हनं दुकानातनं?"

"चहापूड."

"किती?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि कामाला लागले. दहा मिनिटांनी मी डोकावले तर त्याच स्क्रूवर स्क्रूड्रायव्हर तसाच ठेवलेला.

त्यानंतर पाचेक वर्षांनी आप्पा गेले. दुपारी दुकानात गिऱ्हाइकाशी बोलता बोलता खाली बसले ते उठलेच नाहीत. मी आणि शेजारच्या लोकांनी त्यांना दवाखान्यात नेलं, पण काही उपयोग झाला नाही.

दौंडहून दाजी आणि आक्का आले. दाजी बसमधून स्वतः उतरले. हातात काठीसुद्धा नव्हती. घरात बुद्धवंदना झाली, तिरडी उचलायची वेळ आली, तेव्हा दाजी पुढे झाले आणि उजव्या बाजूनं त्यांनी खांदा दिला. लोक एकमेकांकडे बघायला लागले. आप्पांचे चुलतभाऊ म्हणाले, "दाजी, तुम्ही मागनं चला सावकाश." दाजींनी ऐकलं नाही.

घोडनदीकाठच्या स्मशानाकडे जाणारा रस्ता उताराचा आणि खडबडीत आहे. वाटेत दोन ठिकाणी खांदे बदलले. प्रत्येक वेळी कुणीतरी दाजींच्या शेजारी येऊन हात पुढे केला.

"राहू द्या," दाजी म्हणाले. "मला झेपतंय."