खटका लावलेली बंदूक

सुपडूची दुनळी बंदूक लिंबायतच्या दाट वस्तीतल्या गल्लीत त्याच्या मुलापेक्षा जास्त लोकांना ठाऊक होती. फौजेतून सुटल्यावर त्याने ती नवीकोरी घेतली, परवाना काढला आणि कडोदऱ्याच्या एका कापड कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभा राहिला. माणूस शिस्तीचा. घरी आला की उंबऱ्याबाहेरच आधी काडतुसं काढायचा, नळ्यांतून आरपार उजेड बघायचा, मगच चपला काढायचा. शोभाबाई म्हणायची, लग्नातसुद्धा यांनी माझ्याकडे इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

हा नेम वर्षातून एकदाच मोडायचा, दसऱ्याला. बापाने सांगून ठेवलं होतं, रिकाम्या शस्त्राची पूजा करू नये, वर्षभर हात रिकामा राहतो. बापाची बंदूक ठासणीची होती आणि बापाचं घर शेतात एकटं होतं, हे काही सुपडूच्या डोक्यात आलं नाही. शहाणा माणूस वेडेपणा एकच करतो, पण तो दरवर्षी करतो.

१९९५च्या दसऱ्याला त्याने एक काडतूस भरलं. चुकून बार उडू नये म्हणून खटका लावला आणि बंदूक पाटाजवळ भिंतीला टेकवली.

"भरेल शे का?" शोभाबाईने विचारलं.

"खटका लायेल शे. काही व्हत नही."

तिने झेंडूची माळ घालायला हात पुढे केला. जरासा धक्का लागला, बंदूक आडवी घसरली, दस्ता फरशीवर आपटला आणि बार उडाला. छर्रे शोभाबाईच्या डाव्या गुडघ्यात घुसले. तिला उचलताना सुपडूची नजर बंदुकीवर गेली. खटका लावलेलाच होता.

पंधरा दिवसांनी बंदुकीच्या कारखान्याचा माणूस, चंद्रकांत, फाटकावरच्या केबिनमध्ये येऊन बसला. सुपडूची बंदूक पोलिसांत जमा होती आणि त्याचा जबाब दुसऱ्या दिवशी होता. चंद्रकांतने टाइप केलेला कागद पुढे सरकवला. त्यात एवढंच होतं, की खटका लावायला मी विसरलो.

"सही करा, सुपडूभाऊ. वहिनींच्या दवाखान्याचं आम्ही बघतो. परवान्याचंही बोलून ठेवलंय. नोकरी राहील तुमची."

सुपडूने पेन उचललं. खोटं कशाला सांगा, मनातून तो सही करून मोकळाही झाला होता. तेवढ्यात पहारा बदलायला त्याचा जोडीदार दगा आला. दगाची बंदूक चंद्रकांतच्याच कारखान्याची, सुपडूच्या बरोबरच घेतलेली. भरलेली बंदूक त्याने नेहमीसारखी कोपऱ्यात टेकवली आणि तिला पाठ करून डबा उघडायला बसला. सुपडूला पाटाजवळ टेकवलेली आपली बंदूक आठवली.

त्याने पेन ठेवलं. दगाची बंदूक उचलली, दोन्ही काडतुसं काढून टेबलावर ठेवली, नळ्यांतला उजेड चंद्रकांतला दाखवला. बंदूक मिटली, खटका लावला आणि दस्ता फरशीवर आपटला. काहीच झालं नाही. पुन्हा आपटला. काहीच नाही. चंद्रकांत हसला.

तिसऱ्यांदा आतून खट् आवाज आला. चापाला कोणी बोटही लावलं नव्हतं. बंदूक रिकामी आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनही चंद्रकांत खुर्ची सोडून भिंतीला जाऊन चिकटला होता.

"अशा किती विकल्या, साहेब?" सुपडूने विचारलं.

चंद्रकांतने कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सुपडूने जबाब दिला. खटका लावलेला असताना बार उडाला, हा दोष कारखान्याचा. घरात काडतूस भरून ठेवलं, हा दोष माझा. लिहून घेणारा फौजदार भला माणूस होता. दुसरं वाक्य नसलं तरी चालेल, असं त्याने दोनदा सुचवलं. सुपडू ऐकेना.

चौकशी झाली आणि तसल्या सगळ्या बंदुका कारखान्याला परत मागवाव्या लागल्या, दगाचीही गेली. सुपडूचा परवाना रद्द झाला आणि परवान्यामागे नोकरीही गेली. दगाला ते सहन होईना. तो भांडायलाच घरी आला.

"पहिलं वाक्य पुरे व्हतं ना भो. दुसरं कसाले लिखं?"

सुपडू शोभाबाईला काखेत धरून ओट्यावर बसवत होता. तिचा डावा गुडघा आता वाकत नव्हता. त्याने तो पाय दोन्ही हातांनी उचलून सरळ ठेवला.

"खटका त्यासना व्हता, दगा," तो म्हणाला. "बायको मन्ही शे."