खुर्चीच्या पाठीवरचा ठेका

दोन हजार सात-आठच्या सुमारास घुग्घुसच्या आमच्या क्वार्टरमध्ये जुना कॉम्प्युटर आला आणि मी कॉलेजचा अभ्यास सोडून एका गेमच्या नादी लागले. पडद्यावर चार पट्ट्या, प्रत्येक पट्टीत एक वाद्य. वरून ठिपके घसरत येत. ठिपका रेषेवर टेकला की बटण दाबायचं. एका पट्टीतली ओळ न चुकता वाजवली की ते वाद्य थोडा वेळ आपोआप वाजत राही, तेवढ्यात उडी मारून दुसरी पट्टी धरायची. माझं घोडं तिथेच अडायचं. उडी मारेपर्यंत पहिला ठिपका निसटलेला असे, आणि मी बिचाऱ्या की-बोर्डवर राग काढत असे.

बाबा कोळशाच्या खाणीत कामाला होते. पहिली पाळी संपवून आले की आंघोळ करून माझ्यामागे खाटेवर बसत. वस्तीतल्या भीमगीतांच्या मंडळात ते ढोलकी वाजवत, पण असला गेम त्यांनी कधी पाहिला नव्हता. दोन-चार दिवस नुसतं पाहिलं, मग म्हणाले, "पोरी, तू पाहून वाजवून राह्यली. कानानं वाजव."

"बाबा, तुमाले काय समजते यातलं?"

ते रागावले नाहीत. माझ्या प्लास्टिकच्या खुर्चीच्या पाठीवर बोटांनी ठेका धरला. "ओळ संपाची वाट नको पाहू. शेवटचा ठोका पडते, तवाच नजर पुढच्या पट्टीवर पायजे. हात मंग आपोआप जाते."

ठेका खुर्चीतून माझ्या पाठीत उतरायचा. हातातली ओळ कानावर सोडून मी पुढची पट्टी बघायला शिकले, आणि पंधरा दिवसांत उडी चुकेनाशी झाली. बाबा माझ्यापेक्षा जास्त खूश.

मग चंद्रपूरच्या एका सायबर कॅफेत या गेमची स्पर्धा लागली. उशीर नको म्हणून बाबा पाळीवरून तसेच, आंघोळ न करता, मला गाडीवर घेऊन गेले. आत कॉलेजची मुलं होती. बाबांच्या कॉलरवरची काळी धूळ पाहून मला लाज वाटली. हो, वाटली. "तुम्ही दारातच थांबा," असं मीच त्यांना सांगितलं.

मी जिंकले. कॅफेवाले भाऊ कौतुकानं म्हणाले, "पोरगी लय भारी आहे! कोणी शिकवलं तुले?"

"कोणी नाई. माझी मीच."

दारातून बाबाही सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होते.

त्यांच्या मंडळात एक रीत होती. ढोलकीवर हात ठेवण्याआधी कानाला हात लावायचा आणि ज्यानं शिकवलं त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. बाबांना वस्तीतल्या एका गवंड्यानं शिकवलेलं. तो जाऊन वर्षं झाली होती, तरी त्याचं नाव घेतल्याशिवाय बाबांनी कधी थाप मारली नाही. हे मी लहानपणापासून पाहत आले होते. माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

परतताना ते ट्रकांबद्दल, खराब रस्त्याबद्दल बोलत राहिले. दुसऱ्या दिवशी मी गेम लावला. मागे खाटेवर बाबा पेपर वाचत होते. थोडा वेळ वाट पाहून मी म्हटलं, "बाबा, ठेका द्या ना."

"आता तुले येते ना," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले असते, रडले असते, माफीही मागितली असती. त्याऐवजी मी गेम बंद केला.

बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला वाजवायला बाबांनी शिकवलं, हे मी नंतर कितीतरी लोकांना सांगितलं. त्यांच्यासमोर एकदाही नाही.