पोंगा परत लावणारा

भूकंपानंतर आम्ही किल्लारीजवळ पत्र्याच्या शेडात राहायचो. एका दुपारी लातूरहून एक मशीनवाला लेकरांना वाद्यांचं जुनं कार्टून दाखवायला आला. दाराला गोधड्या लावून त्यानं अंधार केला. पडद्यावर ढोल आला की तो आवाज पार बारीक करायचा. मी म्हणलं, "मशीन बिघडलं काय?"

"न्हाई चाचा. जमीन गुरगुरल्यावानी वाटतं. लेकरं भेतात."

मग एक जाडा पोंगा, बँडवाल्याच्या मोठ्या तोंडाच्या बाजासारखा, गाल फुगवून नाचला, अन् माझी बायको हसली. पोरगी ढिगाऱ्याखाली गेल्यापासून ती हसलीच नव्हती. त्यानं मशीन थांबवून रीळ हातानं मागं फिरवलं. लेकरं ओरडली.

"गप बसा रे! चाची हसून राहिल्या."

तीनदा त्यानं तो पोंगा लावला. तीनदा ती हसली.

त्याला लई वर्सं झाली. औंदा बायको गेली. मी लातुरात त्यानं तवा जाताना सांगितलेल्या गल्लीत त्याला हुडकायला गेलो. तिथं आता सगळे क्लासच हायत. नाव तर मी तवा विचारलंच नव्हतं. भेटला असता तर पिक्चर मागितला नसता. ती कशी हसली, हे ध्यानात असणारा माझ्याबिगर आता तोच एक असंल. त्याच्याजवळ जरा बसलो असतो.