पाचव्या खुर्चीचा पुरावा

सर्वप्रथम क्षमा मागते. जिने उभ्या आयुष्यात ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ यापलीकडे फारसे काही लिहिले नाही, अशा बाईने वयाच्या चौपन्नाव्या वर्षी एका हयात माणसाविषयी लिहायला बसावे, हा अगोचरपणा आहे याची मला जाणीव आहे. मराठी घेऊन एम.ए. झाले हे खरे. परंतु ती पदवी लग्नातल्या शालूसारखी ट्रंकेतच राहिली. वर्षातून एकदा उन्हाला दाखवायची आणि पुन्हा घडी घालून ठेवायची. तरीही लिहिते. कारण माझ्या नणंदेचे धाकटे दीर, म्हणजे माझे भाऊजी, यांच्याइतका संशयी माणूस हिंगोली जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. हे विधान मी पुराव्याशिवाय करते आहे असे त्यांना कळले, तर ते पहिला संशय माझ्यावरच घेतील.

भाऊजींना सूर्य उगवला असे सांगितले तर ते आधी सांगणाऱ्याकडे पाहत, मग घड्याळाकडे आणि सर्वांत शेवटी पूर्वेकडे. आमच्याकडच्या गोरेगावला पाऊस झाला असे कोणी म्हटले की ते तिथल्या तीन वेगवेगळ्या माणसांना फोन करत. तिघांनीही होकार दिला तर ‘तिघं आधीच बोलून बसलेले दिसतात’ अशी शंका काढत. दुधाविषयी त्यांचे गवळ्याशी रोज वाजे. म्हशीने पाणी किती वाजता प्यायले आणि धार किती वाजता काढली, यांतले अंतर ते विचारून घेत. एकदा गवळी वैतागून म्हणाला, “भाऊ, आता म्हशीलाच इचारा!” भाऊजी खरोखरच गोठ्यात गेले. त्यांनी म्हशीकडे अशा नजरेने पाहिले की त्या दिवशी तिने पान्हा चोरला, असे तो गवळी आजही शपथेवर सांगतो. जीपवाल्याने ‘आत्ता निघून राहिलो’ म्हटले की भाऊजी खिशातून चिठ्ठी काढून त्यावर वेळ टिपत, आणि जीप हलली की पुन्हा टिपत. अशा चिठ्ठ्यांचा जुडगा त्यांच्याकडे होता. त्यावरून ‘आत्ता’ या शब्दाची लांबी काढता येईल, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यांच्या लग्नाची हकीकत तर आमच्या नात्यात दंतकथाच झाली आहे. पुसेगावला मुलगी पाहायला गेले असता मुलीच्या वडिलांनी रीतीप्रमाणे सांगितले, “पोहे पोरीनं सोता केले हायत.” भाऊजींनी बशी खाली ठेवली आणि विचारले, “करताना कोणी पाहिलं?” नवऱ्या मुलाचे मामा खोकू लागले. तेवढ्यात आतून मुलीचाच आवाज आला, “चूल आजून गरम हाय म्हणावं. हात लावून बघा.” दुसरा कोणी असता तर ओशाळला असता; भाऊजी मात्र उठून आत गेले आणि त्यांनी चुलीला हात लावला. उजव्या हाताच्या तर्जनीवर तो डाग अजून आहे. संसारात कधी खटके उडाले की ते त्या बोटाकडे पाहतात आणि म्हणतात, “बाई खरी बोलती. पुरावा हाय.”

योगायोगाने आम्ही दोघे एकाच कार्यालयात होतो, तालुक्याच्या गावी. कोणत्या कार्यालयात ते सांगत नाही; सांगितले तर त्याच्यासारखी इतर कार्यालये आपली ओळख पटली म्हणून रागावतील. आवकचे टेबल माझे आणि जावकचे त्यांचे. मध्ये एक लोखंडी कपाट. भाऊजींना वरिष्ठ लिपिकाच्या जागेसाठी अर्ज करायचा होता. त्यासाठी व्यवस्थापनाची पदविका हवी होती, आणि वयाच्या अटीमुळे तेच वर्ष शेवटचे होते. म्हणून पन्नाशी उलटल्यावर त्यांनी टपालाने अभ्यासक्रम घेतला. त्यांच्या बायकोने, म्हणजे त्या चुलीवाल्या पुसेगावकरणीने, पदोन्नतीच्या दिवसासाठी फिकट निळा बुशकोटही शिवून ठेवला. सगळे पेपर सुटले. एक दीर्घ निबंध तेवढा उरला. विषयाचा कागद आला त्या दिवशी भाऊजी माझ्या टेबलाशी आले तेव्हा त्यांचे डोळे पाणावलेले होते. कागदावर छापले होते: ‘आपल्या कामाच्या ठिकाणची एक वर्तनसमस्या निवडून पुराव्यांच्या आधारे निबंध लिहा.’ आयुष्यभर त्यांनी जगाकडे पुरावा मागितला होता. जगाने त्यांच्याकडे तो प्रथमच मागितला होता.

त्यांनी निवडलेली समस्या आमच्या कार्यालयात इतकी रुळलेली होती की ती समस्या आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते. आमच्याकडे जागा सोडून जाताना खुर्चीवर काहीतरी ठेवून जाण्याची रीत आहे. बसच्या खिडकीतून दस्ती, म्हणजे हातरुमाल, टाकली की ती जागा आपली होते. तसेच खुर्चीवर दस्ती असली की माणूस हजर. साहेबांचे जाकीट भर उन्हाळ्यात खुर्चीच्या पाठीवर असे. हेडक्लार्क आपली दस्ती ठेवत, संगणकचालक हेल्मेट ठेवत, आणि शिपाईमामांच्या स्टुलावर किल्ल्यांचा जुडगा असे. खेड्यावरून आलेला माणूस विचारी, “साहेब हायत का?” तर मामा उत्तर देत, “हायत की! जाकीट दिसंना का?” काही भाविक जाकिटाला नमस्कार करूनही जात.

भाऊजी वही घेऊन बसले आणि कार्यालयाला संशयाचा ताप चढला. हेडक्लार्कांचे मत पडले की हा माणूस जिल्ह्याला कळवून राहिला. संगणकचालकाने मला बाजूला घेऊन विचारले, “मॅडम, तुमच्या नात्यातले हायत. खरं सांगा, काहून लिहून राहिले?” मी निबंधाचे सांगितले, तर त्याने माझ्याकडेही संशयाने पाहिले. परिणाम असा झाला की आठ दिवस झाडून सगळे आपापल्या खुर्चीवर बसले. गोरेगावकडचा एक मेंढपाळ म्हातारा दाखल्यासाठी आला. त्याने दारातून आत पाहिले, एकही खुर्ची रिकामी नाही हे बघून तो चपापला आणि मागच्या पावली फिरला. मामांनी हाक मारली, “ओ बाबा, या की!” “न्हाई बा,” म्हातारा जिन्यावरून म्हणाला, “आज तपासनी दिसती. आमी सोमवारी येतो.”

आठ दिवसांनी ताप उतरला, दस्त्या परतल्या आणि भाऊजींचे संशोधन खऱ्या अर्थाने सुरू झाले. त्यांची पद्धत चुलीवरूनच आलेली होती. माणूस किती वेळापूर्वी उठला हे ओळखण्यासाठी ते खुर्चीला हात लावून पाहत: गरम म्हणजे आत्ताच गेला, कोमट म्हणजे चहाला, गार म्हणजे घरी. महिनाभर त्यांनी हाताने खुर्च्या तपासल्या. निष्कर्ष धक्कादायक होता. सर्व कर्मचारी सर्व वेळी नुकतेच उठलेले होते. भाऊजींना त्यात मोठा कट दिसू लागला. शेवटी शिपाईमामांनी त्यांची समजूत घातली, “भाऊ, मे म्हैना हाय. आपल्याकडं मे म्हैन्यात भिंतबी आत्ताच उठल्यावानी लागती.” भाऊजींनी शांतपणे महिनाभराची पाने फाडली, आणि दुसऱ्या दिवसापासून ते लोखंडी कपाटाआड घड्याळ घेऊन बसू लागले.

आता माझ्याकडे येते. टाळता आले असते तर टाळले असते. माझ्या खुर्चीचीही एक खूण होती. रोज दुपारी तीन वाजता मी चष्मा उघड्या रजिस्टरावर ठेवी, पेनाचे टोपण काढून ठेवी, आणि मागच्या रेकॉर्ड रूममध्ये जाई. तिथे जुन्या गठ्ठ्यावर बसून मी परिपत्रकांच्या कोऱ्या बाजूंवर लिहीत असे. विशेष काही नाही. पाहिलेली माणसे, ऐकलेली वाक्ये. घरी लिहिणाऱ्या बाईला ‘काय लिहून राहिली?’ असे कोणीतरी विचारतेच, आणि त्याला उत्तर देता येत नाही. साडेतीनला मी परत येई. त्या अर्ध्या तासात आवकच्या टेबलाकडे कोणी फिरकत नाही अशी मी स्वतःची समजूत घातली होती, आणि खरोखरच परतल्यावर माझ्यासमोर कधी कोणी ताटकळत उभे नसे.

एके सकाळी भाऊजींनी कपाटाआडून विचारले, “वहिनी, चष्म्याचा नंबर बदलला का?”

“नाही हो. का?”

“न्हाई, एक टेबलावर असतो. दुसराबी करून घेतला का काय?”

माझ्या पदराच्या टोकाला रेकॉर्ड रूमची धूळ लागली होती. ती मी मुठीत धरली. “असावा म्हणून,” मी म्हणाले.

“अस्सं,” असे म्हणून त्यांनी वहीत काहीतरी लिहिले. त्यानंतर चार दिवस मी तीन वाजता जागेवरून हलले नाही. पाचव्या दिवशी राहवले नाही, आणि गेले.

निबंध पूर्ण झाल्यावर ते तो माझ्याकडेच घेऊन आले. “वहिनी, तुमी एम.ए. हायत. शुद्धलेखन बघा. मजकुराला मात्र हात लावू नका, मजकूर पुराव्याचा हाय.” हा सापळा आहे याविषयी मला शंका उरली नाही. चाळीस पानांत मी कुठेतरी असणार, आणि ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करता करता मला स्वतःला वाचावे लागणार. निबंध सुंदर होता. ‘हेडक्लार्क यांची दस्ती अकरा ते एक या वेळेत नियमितपणे हजर असते’ अशी वाक्ये वाचून एरवी मी हसले असते. मी फक्त चष्मा शोधत होते. सुरुवातीलाच लिहिले होते: ‘निरीक्षकाचे वगळता कार्यालयात एकूण पाच आसने आहेत.’ पुढे तक्ते होते. जाकिटाचा, दस्तीचा, हेल्मेटाचा, किल्ल्यांचा. चारच. मी तीनदा मोजले.

दुसऱ्या दिवशी मी निबंध परत दिला. “छान झाला आहे, भाऊजी.”

“काही राहिलं का त्यात?”

“नाही,” मी म्हणाले.

त्यांनी पाने एकसारखी करून निबंध लिफाफ्यात घातला. “तुमी म्हणता म्हणजे बराबर असल,” ते म्हणाले आणि निबंध टपालात टाकायला गेले. माझे विधान त्यांनी पुराव्याशिवाय मान्य करण्याची ती पहिली वेळ होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही. सुटल्याचा आनंद मोठा होता.

दोन महिन्यांनी निबंध परत आला. शेवटच्या पानावर लाल शाईत शेरा होता: ‘आसने पाच, तक्ते चार. पाचव्याचा पुरावा का दिलेला नाही? अपुऱ्या निरीक्षणावरील निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाही.’ निबंध अनुत्तीर्ण झाला. पुन्हा लिहिण्याची संधी पुढच्या वर्षी होती, आणि वयाची अट पुढच्या वर्षापर्यंत थांबणार नव्हती. जागा संगणकचालकाला मिळाली. हल्ली त्यांच्या खुर्चीवर हेल्मेटाच्या जोडीला दस्तीही असते. भाऊजी सर्वांना सांगत, “तपासणाऱ्यानं वाचलाच न्हाई, नुसता मोजला.” निळा बुशकोट त्यांनी घातला तो थेट निवृत्तीच्या दिवशी.

त्या दिवशी हारतुरे झाल्यावर ते माझ्या टेबलाशी आले, आणि त्यांनी घडी घातलेले वहीचे एक पान पुढे केले. “हे तुमच्याकडं असू द्या. आता मला कपाट न्हाई.” पानावर तारखा होत्या. प्रत्येक तारखेपुढे तेच: ‘३.००. चष्मा आहे, वहिनी नाहीत.’ आणि खाली बारीक अक्षरांत, ‘गोरेगावची म्हातारी, वारसाचा अर्ज, मी घेतला, पोच दिली.’ ‘पुसेगावचे दोघे, अर्ज घेतले, पोच दिली.’ पान दोन्ही बाजूंनी भरले होते. तीन ते साडेतीन माझ्या टेबलाकडे माणसे रोज येत होती. शेवटची ओळ अशी होती: ‘रेकॉर्ड रूमच्या दाराशी उभा राहिलो. आत पेन चालल्याचा आवाज. दार उघडले नाही.’

चुलीला हात लावून पाहणाऱ्या माणसाने दार उघडले नव्हते.

“भाऊजी,” मी म्हणाले, “हे पान लावलं असतं तर...”

“निबंध समस्येवर लिहायचा हुता, वहिनी. तुमच्या टेबलापुढं एकबी माणूस ताटकळला न्हाई. मंग समस्या कशी म्हणू? पुरावा न्हाई.”

“मग खुर्च्या चार लिहायच्या होत्या!”

“पाच हायत,” ते जरा रागावूनच म्हणाले. “खोटं कसं लिहू?”

आता ते पुसेगावला सासरवाडीच्या शेताशेजारी राहतात आणि तुरीच्या फुलांवर संशय घेतात. गेले की चहा मिळतो. तो कोणी केला हे ते मला आवर्जून सांगतात, बोट दाखवून. ‘हल्ली लिहिता का?’ असे त्यांनी कधीच विचारले नाही. मीही हा लेख त्यांना दाखवलेला नाही. दाखवला तर त्यांना पहिलीच शंका येईल की यात काही राहिले तर नाही. एक राहिले आहे, आणि ते त्यांना विचारण्याचा धीर नाही, म्हणून तुम्हांला विचारते. निबंध परत घेताना त्यांनी ‘काही राहिलं का?’ असे मला विचारले, तेव्हा माझ्या जागी तुम्ही असता, तर ‘पाचवी खुर्ची माझी’ असे सांगितले असते का?