सहा नंबरची खाट

"मॅडम, परत नापास," म्हणत रेहानानं मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला. इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत ही दुसरी खेप. परदेशातल्या ज्या हॉस्पिटलनं तिला नोकरीचं पत्र दिलं होतं, त्यांनी आता एकच संधी ठेवली होती. पुढच्या महिन्यात पास झाली तर जायचं, नाहीतर पत्र रद्द.

मी बारामतीत नर्सेसना इंग्रजी शिकवते. कॉलेजातून रिटायर झाले आणि घरी बसवेना, म्हणून क्लास काढला. रेहाना निरवांगीची. वडिलांचं तिथं किराणा दुकान. ती इथल्या एका खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स, ड्यूटी संपली की क्लासला यायची. माझ्या बॅचमधली सगळ्यात कष्टाळू मुलगी तीच आणि नापास होणारीही तीच. परीक्षकाचा शेरा होता : पेशंटशी बोलल्यासारखं वाटत नाही, पाठ केलेलं वाटतं. मला राग आला, तो परीक्षकाचा.

अडचण फ्रेजल व्हर्बची होती. इंग्रजी बोलणारी माणसं रोजच्या बोलण्यात साध्या क्रियापदाला अप, ऑफ, राउंड असं शेपूट लावतात आणि अर्थ पार बदलतो. 'कम' म्हणजे येणं, पण 'कम राउंड' म्हणजे शुद्धीवर येणं. मी अशा तीनशे क्रियापदांची यादी छापून घेतली होती, समोर मराठी अर्थ. नोकरीत असताना याच यादीवर कित्येक बॅचेस काढल्या होत्या.

"यादी परत घोट," मी म्हटलं.

"तोंडपाठ हाय मॅडम. कुठनंबी विचारा."

मी विचारलं. एकही चुकलं नाही.

"पन समोर मानूस बसला की त्यातलं काईच सुचत न्हाय."

"म्हणजे घोटणं कमी पडतंय."

रेहाना यादी पर्समध्ये घालून गेली, ती तीन दिवस क्लासला आलीच नाही. फोनही उचलेना.

चौथ्या दिवशी मी तणतणत दवाखाना गाठला. दुपारचे दोन वाजले होते, ड्यूटी बदलायची वेळ. इनचार्ज सिस्टरनं मला वॉर्डच्या दारातच थांबवलं. "बसा जरा. हँडओव्हर चाललाय." म्हणजे घरी जाणारी नर्स येणाऱ्या नर्सला पेशंट सोपवते, ते काम. जाणारी होती रेहाना.

येणारी मुलगी नवी होती. ती म्हणाली, "टेबलापाशीच वाचून सांग की."

इनचार्ज सिस्टरनं मान हलवली. "आमच्यात टेबलावर सांगत न्हाईत. ज्याचं त्याच्या खाटेपाशी उभं राहून सांगायचं. रजिस्टरात मानूस ध्यानात ऱ्हात न्हाय."

रजिस्टर बंद करून काखेत धरलं होतं आणि रेहाना खाटेमागून खाट सांगत चालली होती. "दोन नंबर. मावशींना सकाळपासनं दोनदा उलटी झालीया. तीन नंबर. भूल आत्ता उतरलीया, आता दुखायला लागंल." कुठं अडखळणं नाही. सहा नंबरची खाट रिकामी होती, चादर नुकती बदललेली. तिथंही ती थांबली.

"सहा नंबर. अंथुर्ण्याचे तात्या. सकाळी गेले."

नंतर कळलं, तात्यांच्या मुलाला लांबून यायला वेळ लागत होता आणि तात्या दुसऱ्या कुणाच्या हातून पाणी घेत नव्हते. म्हणून रेहाना तीन दिवस डबल ड्यूटी करत होती. मी रागवायला गेले होते. मला माझीच लाज वाटली. उद्या ये, एवढं सांगून परत फिरले.

दुसऱ्या दिवशी क्लासमधली बाकं भिंतीला लावली, खाटांसारखी. खडूनं नंबर घातले. "रेहाना, कालचा हँडओव्हर दे. इंग्रजीत."

ती दोन नंबरपाशी गेली. डोळे क्षणभर मिटले आणि 'थ्रो अप' आपोआप आलं, उलटी होणं. तीन नंबरपाशी 'वेअर ऑफ', अंमल उतरणं. जिथं शब्द अडला, तिथं मी तो दिला, पण त्याच बाकापाशी. सहा नंबरपाशी ती बाकाची कड धरून उभी राहिली.

"राहू दे तो," मी म्हटलं.

"न्हाय मॅडम. खाट सोडायची नसती."

मग मीच त्या बाकावर तात्यांचा मुलगा होऊन बसले. ती वाकली. माझ्या डोळ्यांत बघत तिनं हळू इंग्रजीत सांगितलं, तुमचे वडील सकाळी गेले, ते एकटे नव्हते, मी जवळ होते. 'गेले'साठी ती 'पास अवे' म्हणाली. यादीत त्याच्यापुढं 'मरणे' एवढंच छापलं होतं. तीस वर्षं तो शब्द शिकवला, पण कुणाच्या तोंडून ऐकला तो त्या दिवशी. माझे डोळे भरून आले. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

महिनाभर असंच चाललं. रोजच्या ड्यूटीवरचे पेशंट दुसऱ्या दिवशी बाकांवर. रेहाना पास झाली आणि गेली. परवा तिचा मेसेज आला : "इथं हँडओव्हर कॉम्प्युटरवरच असतो. मी आपली खाटेपाशी जाऊन येते."

छापलेल्या याद्यांचा गठ्ठा मी रद्दीत घातला. बाकं अजून भिंतीलाच आहेत. सहा नंबरवर कुणी बॅग टाकली, तर मी उचलायला लावते.