जावईबापूंनी साईट हलवली

कुणी काही विचारलेलं नसताना गप्प बसणं आमच्या भाऊजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, जन्मात जमलेलं नाही. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा खुर्चीवर टेकायच्या आधी त्यांनी भिंतीवरचं घड्याळ सरळ केलं. ते सरळच होतं. तेव्हापासून ते डावीकडे कललेलं आहे आणि आई कुणाला त्याला हात लावू देत नाही. जावयाने केलेलं निस्तरायचं म्हणजे जावयाचा अपमान, असं तिचं म्हणणं.

भाऊजी एका कंपनीत लोकांच्या वेबसाईट बनवतात. बनवणारे खरं तर दुसरेच. हे त्यांच्या खुर्चीमागे उभे राहून ‘अजून स्वच्छ हवं’ म्हणतात. स्वच्छ हा त्यांचा लाडका शब्द. आईच्या शिवणाच्या खोलीत दोऱ्याची रिळं जाडीप्रमाणे लावलेली असायची. एका दुपारी भाऊजींनी ती रंगाप्रमाणे लावली, फोटो काढला आणि चहा मागितला. “छान दिसतंय हं, जावईबापू,” आई म्हणाली, आणि पुढे कितीतरी दिवस एकेक रीळ डोळ्यांजवळ नेऊन दोरा चाचपत बसली.

आईने सारी नोकरी हॉस्पिटलच्या शिवणखात्यात केली. निवृत्त झाल्यावर तिने आजारी माणसांचे कपडे कसे बेतायचे, याची साईट सुरू केली. पाठीतून उघडणारा सदरा, दिवसभर बसून असणाऱ्यासाठी मागून उंच विजार, एका हाताने लागतील अशी टिचबटणं. प्रत्येक कपड्याला आपलं पान आणि पानाला आपली लिंक. पेशंटला घरी सोडताना वॉर्डातल्या सिस्टर नातेवाइकांच्या हातात चिठ्ठी ठेवतात, तिच्यावर त्याला लागणाऱ्या कपड्याची लिंक छापलेली असते. कधीतरी कुणी अनोळखी माणूस फोन करून सांगतो की आज बाबांनी स्वतःच्या हाताने बाही चढवली. त्या दिवशी आई भांडी घासताना गुणगुणते.

तर ही साईट भाऊजींना जुनाट वाटली.

“मी बघतो हे,” ते म्हणाले. “नव्या प्लॅटफॉर्मवर नेऊ. मोबाईलवर झकास दिसेल.”

“चिठ्ठ्यांवरच्या लिंक तशाच चालतील ना, जावईबापू?” आईने एवढंच विचारलं.

“एकही तुटणार नाही. जबाबदारी माझी.”

आणि खरंच एकही तुटली नाही. त्याचीच तर गंमत आहे. नव्या जागी पानांच्या लिंक बदलल्या होत्या. जुनी लिंक दाबणाऱ्याला त्याच कपड्याच्या नव्या पानावर नेऊन सोडायचं, एवढंच काम होतं; घर बदललेल्याची पत्रं पोस्टमन नव्या घरी पोचवतो तसं. पण त्यासाठी एकेक जुनी लिंक एकेका नव्या पानाशी जुळवत बसावं लागतं, आणि बसून करायची कामं भाऊजींच्या प्रकृतीला मानवत नाहीत. त्यांनी एका फटक्यात सगळ्या जुन्या लिंक मुख्य पानाकडे वळवल्या. तिथे भाऊजींचा हसरा फोटो होता, कारण साईटला म्हणे एक चेहरा लागतो, आणि खाली ‘आपलं स्वागत आहे’. सदरे-विजारी आत कुठेतरी ‘आमचा प्रवास’ नावाच्या बटणामागे जाऊन बसल्या होत्या. तपासणीत सगळीकडे हिरव्या खुणा आल्या. त्या त्यांनी जेवताना आम्हा प्रत्येकाच्या नाकासमोर धरल्या.

काही दिवसांनी वॉर्डातल्या सिस्टरांचा फोन आला.

“बाई, तुमचं काम बंद झालं का हो? लोक परत येऊन आम्हाला बोलतात. म्हणतात, लिंक दाबली की कुणा माणसाचा फोटो येतो. असंच असेल तर या महिन्यापासून चिठ्ठ्या देणं थांबवतो.”

आईने फोन ठेवला आणि सिस्टरांचं बोलणं मला सांगितलं.

“सांग ना भाऊजींना,” मी म्हटलं.

“अगं, जावई माणूस. वाईट वाटेल त्यांना.”

मग मीच बोलले. “भाऊजी, जगातले सगळे लुळे-पांगळे तुमच्या दातांपाशी येऊन थांबलेत.”

ते मोठ्याने हसले. मेव्हणीचं बोलणं हसण्यावारी न्यायचं असतं. “लोकांना दोनदा जास्त दाबायला काय होतं? सवय नाही त्यांना. होईल.”

एका हाताने बापाला पलंगावर सावरून दुसऱ्या हाताने फोन चाचपणाऱ्या माणसाला हे सवय लावणार होते. मला राग नाही आला, किळस आली.

त्यानंतर भाऊजींच्या वडिलांना झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. हॉस्पिटलातून घरी आणल्यावर आम्ही सगळे भेटायला गेलो. म्हातारा पलंगावर उशीला टेकून बसला होता. अंगात ठेवणीतला पांढरा सदरा, त्याची उजवी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत कापलेली आणि सेफ्टी पिनांनी जोडलेली. एका पिनेखाली लाल डाग पसरला होता. त्या हाताला काही कळत नव्हतं, त्यामुळे कुणालाच कळलं नव्हतं.

“सिस्टरांनी उरलेल्यातली एक चिठ्ठी दिली होती रे,” भाऊजींच्या आई त्यांना सांगत होत्या. “पण लिंक दाबली की तूच येतोस. मी परत परत दाबली. शेवटी कात्री लावली. फोटो मात्र छान आलाय हं तुझा.”

टोमणा नव्हता तो. बाईंना खरंच फोटो आवडला होता.

भाऊजी लाल झाले. लगोलग लॅपटॉप उघडला आणि जरा वेळात म्हणाले, “झालं, आई. आता दाब.” त्यांच्या आईंनी दाबलं. एका बाजूने उघडणारा सदरा आला, आईने काढलेल्या खुणांसकट. भाऊजींनी हुश्श करून लॅपटॉप मिटला.

सगळ्या लिंकांमधली एक. स्वतःच्या बापाच्या सदऱ्याची. काय म्हणावं या माणसाला?

माझी आई तोवर पलंगाच्या कडेला बसून म्हाताऱ्याच्या दंडातली पिन काढत होती. ती काढून तिने पदराने डाग टिपला आणि मान वर केली.

“उघड ते,” ती म्हणाली.

ताई दचकून माझ्याकडे बघायला लागली. लग्न झाल्यापासून आईने या माणसाला कधी ‘तुम्ही’ सोडून हाक मारली नव्हती.

“आई, बाकीचं मी ऑफिसमधल्या पोरांना सांगून—”

“पोरांना नाही. तू. इथे बस, माझ्यासमोर. एक लावलीस ना, आता दुसरी लाव, मग तिसरी. सगळ्या लागेपर्यंत उठायचं नाहीस.”

भाऊजींनी ताईकडे पाहिलं, स्वतःच्या आईकडे पाहिलं. कुणी मदतीला आलं नाही. त्यांनी लॅपटॉप उघडला.

“कुठली घेऊ?” त्यांनी विचारलं.

“पहिल्यापासून,” आई म्हणाली, आणि तिने पुढची पिन काढायला घेतली.