गौरीपासून मोजलेले दिवस

माझी मोठी दोन मुलं गावी झाली. तेव्हा तारीख कोणी देत नसे. सुईण पोटावर हात फिरवायची आणि म्हणायची, भात लावून होऊ दे, मग बघू. भात लावून व्हायचा आणि मूलही व्हायचं. तारखेचा एवढा घोळ होऊ शकतो हे मला म्हातारपणी कळलं, धाकट्या मुलीच्या पहिल्या बाळंतपणात. नीट कळलं असंही म्हणवत नाही.

तिला मुलुंडला दिली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्यात ओटी भरून घाटकोपरला आणायचं ठरलं. आठव्यात पोरीला घरातून हलवत नाहीत. पण सातवा कुठला आणि आठवा कुठला, इथेच गाडी अडली. आमच्यात चालू महिना धरतात. दवाखान्यात भरलेले आठवडे धरतात. विहीणबाई म्हणाल्या, आठवा लागायला आलाय, नेणार असाल तर लवकर न्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाई नाही. मी चौथी शिकलेली, बोटांवर मोजलं तर माझं तिसरंच उत्तर आलं. शेवटी रिक्षा केली आणि घेऊन आले.

विहीणबाईंचा हिशेब एकच होता. गौरीपासून नऊ महिने नऊ दिवस. मी विचारलं, मध्येच गौरी कुठून आल्या? पोरीने डॉक्टरला पाळी सांगितली होती ती अनंत चतुर्दशी झाल्यानंतरची. तर म्हणाल्या, तुमचं तुमच्यापाशी ठेवा, मी गौरीपासून मोजते. मला वाटलं बाई हट्टी आहे. हट्टी ती आहेच.

पोरीच्या पाळीला कधी नेम नव्हता. दोन-तीन महिने न येणं तिला नवं नव्हतं, त्यामुळे दिवस गेलेत हे संक्रांतीपर्यंत तिच्या लक्षातच आलं नाही. मग सोनोग्राफी झाली. तिच्यात अजून एक तारीख आली, विहीणबाईंच्या आणि फाइलीत पाळीवरून लिहिलेल्या तारखेच्या मधली. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, यातली खरी कुठली? त्या म्हणाल्या, आजी, सगळ्या अंदाजे. मी म्हटलं, अंदाजे आहेत तर एवढ्या ठळक छापता कशाला? त्या हसल्या. उशिराच्या सोनोग्राफीत थोडं मागेपुढे होतं, पाळीची तारीख पक्की असेल तर आम्ही तीच धरतो, म्हणाल्या. मग पोरीकडे वळून विचारलं, पक्की आहे ना? तिने मान हलवली. विहीणबाई शेजारीच बसल्या होत्या.

वटपौर्णिमा झाली. विहीणबाईंची तारीख गेली, सोनोग्राफीची गेली, फाइलीतलीही आली. कळ नाही की काही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिलटकरीण आहे, अजून आठवडाभर वाट बघू, फक्त बाळाच्या हालचालीवर लक्ष ठेवा. मी निर्धास्त होते. मुलगी मात्र दिवसभर पोटावर हात ठेवून बसायची आणि कोणी बोललं की अंगावर यायची. मी म्हटलं, फळ पिकलं की आपोआप गळतं.

"आणि झाडावरच सडलं तर?" ती म्हणाली.

तोंड आवर म्हटलं मी तिला. अशा वेळी असं बोलतात का?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कोलंबी सोलत होते. ती येऊन समोर बसली. भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून. म्हणाली, "आई, फाइलमधली तारीख खोटी आहे."

मग सांगितलं तिने. लग्नानंतरचा तिचा पहिला ओवसा होता. नवी सून सुपं भरून गौरीला ओवसते, आमच्या कोकणातल्या घरांत त्याचं फार असतं. माहेरून सुपं मीच पाठवली होती. मध्ये पाळी नको म्हणून विहीणबाईंनी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून दिल्या, हिने घेतल्या. तरी गौरीपूजनाच्या दिवशी, नऊवारी नेसून झाली, सुपं भरून झाली, आणि आली. घर बायकांनी भरलेलं. ही कोणाला काही बोलली नाही. तशीच ओवसली, नैवेद्याला हात लावला, सगळ्यांच्या पाया पडली. पुढे डॉक्टरीणबाईंनी पाळी विचारली ती सासूच्या देखत. काय सांगणार? अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर आली म्हणून सांगितलं. वाटलं, आठवडाभर इकडेतिकडे, काय फरक पडतो. आता त्याच्यावर डॉक्टर आणखी एक आठवडा थांबा म्हणत होत्या.

पहिल्यांदा मनात आलं ते बाळ नव्हे, गौर आली. आलं ते आलं. मी जन्मभर चार दिवस पाळले. एका खोलीच्या संसारात मोरीपाशी गोणपाट टाकून पाळले. त्यावर माझा विश्वास होता का, हे मला विचारू नका. कोणी तेव्हा विचारलं नाही, आणि आता माझं मला सांगता येत नाही. त्या दिवशी मी घाबरले एवढं खरं. देवीला घाबरले की पोटातल्या जिवासाठी घाबरले, ते वेगळं काढता येईना.

मी विचारलं, हालतंय का? ती म्हणाली, सकाळपासून कमी वाटतंय.

"गौरीचं गौर बघेल," मी म्हटलं. "ऊठ, चपला घाल."

"सासूबाईंना कळलं तर?"

"डॉक्टरला सांगायचंय. सोसायटीच्या फळ्यावर नाही लिहायचं."

कोलंबी तशीच झाकून ठेवली. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत. असं सांगणारी ती पहिलीच नसावी. पोटाला पट्टा लावून ठोके ऐकले, पुन्हा सोनोग्राफी केली. पाणी कमी झालंय, आता थांबायला नको, आजच दाखल करू आणि कळा सुरू करू, म्हणाल्या. किती दिवस वर गेले तेही सांगितलं. माझ्या डोक्यात ते शिरलं नाही.

विहीणबाई संध्याकाळी डबा घेऊन आल्या. अचानक कसं काय, विचारलं. पाणी कमी झालंय, मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

सकाळी मुलगी झाली. रडली चांगली मोठ्याने. पण कातडी सुरकुतलेली, धुणं धुतल्यावर आपले हात होतात तशी, मनगटापाशी सालं निघालेली, आणि नखं बोटांच्या पुढे वाढलेली. विहीणबाईंनी तिचं बोट धरून नखं बघितली.

"हिची वेळ कधीच होऊन गेली होती," त्या म्हणाल्या. "मी सांगत नव्हते, गौरीपासून मोजा म्हणून?"

बोलताना माझ्याकडे बघत होत्या. सुनेकडे नाही.

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. ह्या बाईला माहीत होतं का? त्या दिवशीची साडी, धुणं, काहीतरी दिसलं असेल. मग डॉक्टरसमोर गप्प का बसली? बोलली असती तर आपण कळूनसवरून ओवसा होऊ दिला हे कबूल करावं लागलं असतं. की हिला काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं, आणि आपल्या बायका सणावरून मोजतात तशी मोजत होती? विचारायची सोय नाही. तिला ठाऊक नसेल तर माझ्या विचारण्यानेच कळेल. मुलीला म्हटलं तर ती म्हणते, आई, सोड ना आता.

यंदा गौरींना मी मुलुंडला गेले होते. दोन महिन्यांची नात पाटाजवळ दुपट्यात झोपलेली. आत भांडी पुसताना मी मुलीला हळूच विचारलं, गोळ्या दिल्या का या खेपेस? नाही म्हणाली. सासूने विषयच काढला नाही.

आता मूल अंगावर पितंय, पाळी सुरूच झालेली नाही, तर गोळ्या कशाला देतील. तेवढंच कारण असेल. नसेलही. विहीणबाईंनी मला हळदीकुंकू लावलं, पानावर घावन वाढलं आणि पोट भरून जेवा म्हणाल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. काही कळेना. मग जेवले.